पिवळ्या पाकळ्यांचं वय

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९१. सकाळचे दहा वाजून गेले होते. लीड्सच्या होल्बेक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये फोन वाजला आणि यॉर्कच्या प्रयोगशाळेतून डॉ. प्रायर बाईंनी कळवलं, की कपाटावरच्या पिवळ्या पाकळीत हळद सापडली.

फोन उल्का पेठेने घेतला होता. तिने विचारलं, ‘‘नक्की?’’

‘‘नक्की. कारखान्यातला एकही रंग नाही. शुद्ध हळद. तुम्ही म्हणत होतात तेच.’’

उल्काने रिसीव्हर खांद्याला दाबून धरला आणि पलीकडे टेबलाशी वाकलेल्या हॅलमकडे बघून अंगठा वर केला. हॅलम हा वर्कशॉपचा मालक. साठी ओलांडलेला यॉर्कशरचा माणूस. कुणाचं कौतुक करायचं तर त्याच्या जिभेला काटे फुटत. तो उठून आला आणि तिच्या पाठीवर एक थाप मारून म्हणाला, ‘‘बरं पोरी. हरलो मी.’’

सहा महिन्यांचा वाद त्या थापेने मिटला होता.

वाद कपाटाच्या वयाचा होता. कपाट म्हणजे कंबरेएवढं उंच, दोन खणांचं, पुढून पोट सुटलेलं, पाय बाहेर मुरडलेलं असं फ्रेंच धाटणीचं. त्याला इंग्रजीतही कमोडच म्हणतात. उल्काच्या आईने, वैजयंतीबाईंनी, ते नाव ऐकलं तेव्हा तिला हात जोडून सांगितलं होतं, ‘‘डॉक्टर पेठ्यांची मुलगी कमोड दुरुस्त करते, हे मी मंडळात कुठल्या तोंडाने सांगू?’’ तेव्हापासून घरात त्याचं नाव फ्रेंच कपाट.

कपाट एका संग्रहालयाचं होतं. तिथल्या तळघरात ते ‘एकोणिसाव्या शतकातली नक्कल’ असं लेबल लावून वर्षानुवर्षं पडलेलं. आता संग्रहालयाला तळघर रिकामं करायचं होतं. जे अस्सल ते वरच्या नव्या फ्रेंच दालनात जाणार, जी नक्कल ती लिलावात. लिलावाआधी सुटलेले तुकडे चिकटवून द्या, एवढ्यासाठीच कपाट होल्बेकला आलं होतं.

उल्काने त्याची ब्राँझची नक्षी उतरवली आणि तिथेच ती अडकली.

खणांच्या दर्शनी भागावर एक मोठा पुष्पगुच्छ होता. रंगवलेला नव्हे, रंगीत लाकडाच्या पापुद्र्यांचे तुकडे कापून बसवलेला. प्रत्येक पाकळीच्या कडेची सावली तापलेल्या वाळूत तुकडा धरून, जरासा करपवून आणलेली. हे काम उल्का स्वतः करत असे, आईची लोखंडी कढई उचलून नेऊन. ‘‘चांगली शेंगदाणे भाजायची कढई,’’ आई अजून म्हणायची. त्यामुळे कुठली सावली सरावाने आली आणि कुठली शोधत आली, हे उल्काला दिसत होतं. वरच्या खणावरच्या नक्षीखाली तिला एक पाकळी सापडली. ती एकदा कापून, पसंत न पडून, पुन्हा वेगळ्या वळणाने कापलेली होती. नक्कल करणाऱ्यासमोर नमुना असतो. त्याला मन बदलायचं कारण काय?

हॅलमला हे पटलं नव्हतं. त्याचंही चुकत नव्हतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमधल्या सुतारांच्या संघाने नियम केला, की प्रत्येक कारागिराने कपाटाच्या अंगावर आपल्या नावाचा ठसा मारायचा. सुताराने लाकूड करायचं, ब्राँझ ओतणाऱ्याने ब्राँझ, मुलामा देणाऱ्याने पाऱ्यात सोनं कालवून मुलामा. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. मग क्रांती झाली, संघ मोडले, राजवाड्यातलं सामान रस्त्यावर विकलं गेलं आणि पुढच्या शतकात त्या जुन्या थाटाची लंडन-पॅरिसच्या श्रीमंतांना अशी काही ओढ लागली, की उत्तम कारागिरांनी उत्तम नकला केल्या. तोच ओक, तसेच हाताने चिरलेले जाड पापुद्रे, वर ठसासुद्धा. या कपाटाचा ठसा तर अर्धा घासलेला होता. त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

ठरणार होतं ते रंगावरून. १८५६ नंतर कारखान्यातले रंग आले. त्याआधी पॅरिसमध्ये लाकूड पिवळं करायला झाडांच्या मुळ्या वापरत, त्यातच पूर्वेकडून जहाजाने येणारी हळद. हळद उजेडात उडून जाते. म्हणून नमुना झाकलेल्या जागेतून घ्यायला हवा होता. उल्कानेच जागा सुचवली होती : वरच्या खणाच्या किल्लीच्या भोकाभोवती, जिथे ब्राँझची चकती बसते तिथली पिवळी पाकळी. ऑक्टोबरच्या शेवटी दोन्ही भोकांभोवतीचा मळ स्पिरिटच्या वेगवेगळ्या बोळ्यांनी पुसताना कापूस पिवळा झाला होता. तिने लगेच हात थांबवला होता आणि हॅलमला हाक मारून कापूस दाखवला होता.

‘‘एक गंमत सांगायची राहिली,’’ डॉ. प्रायर फोनवर म्हणाल्या. ‘‘पिवळ्याबरोबर थोडे लाल कण आहेत. अगदी किंचित. जुन्या लाखेचे असावेत. कुलपावर मोहोर करत असतील कधी.’’

‘‘असेल,’’ उल्का म्हणाली आणि फोन ठेवला.

फोनच्या बाजूला खिळ्याला तिची बारीक करवत टांगलेली होती. तिच्या लाकडी मुठीवर लाल ठिपका होता, पुसट झालेला. त्याच्या शेजारी पिवळा.

उल्का ते दोन ठिपके बघत राहिली. हॅलम चहा ओतत होता.

ऑक्टोबरात खंडेनवमी झाली होती. पेठ्यांच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. वडील होते तोवर पाटावर त्यांचा स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचं यंत्र. ते गेल्यावर उल्काच्या पटाशा आणि रंधे. दरवर्षी ती हत्यारं पिशवीत घालून मूरटाउनला घरी न्यायची. या वर्षी काम अंगावर होतं म्हणून तिने नाही म्हटलं. मग वैजयंतीबाई स्वतःच तबक घेऊन बसने होल्बेकला आल्या. हॅलमने डोक्यावरची टोपी काढून त्यांना आत घेतलं होतं. उल्का तेव्हा मागच्या दारी लाकडाची गाडी उतरवून घेत होती. ती परत आली तोवर पूजा आटोपली होती आणि हॅलमच्या हातावर पेढा होता.

तिने घरी फोन लावला. लागेना. आई मंडळातल्या कुणाशी तरी बोलत असणार. दहा मिनिटांनी लावला, तेच. तिने कोट चढवला.

‘‘कुठे?’’ हॅलमने विचारलं. ‘‘आजचा दिवस तरी बस की.’’

‘‘आलेच.’’

बस वाटेत दोनदा थांबून राहिली. दुसऱ्यांदा उल्का उतरून चालायला लागली, मग पाठीमागून तीच बस तिला ओलांडून गेली.

वैजयंतीबाईंनी दार उघडलं तेव्हा फोनची दोरी पार दिवाणखान्यातून ओढत आणलेली होती. ‘‘ठेवते गं सुमन, उल्का आलीय भलत्या वेळी,’’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. ‘‘काय झालं? नोकरी गेली?’’

‘‘आई, खंडेनवमीला तू वर्कशॉपमध्ये कशाकशाला हळदकुंकू लावलास?’’

‘‘लावलंस. आधी बूट काढ.’’

‘‘लावलंस. सांग ना.’’

‘‘करवती, पटाशा, तो घाण वासाचा सरसाचा डबा. तुझं ते गाढव.’’ गाढव म्हणजे ज्या लाकडी घोड्यावर मांडी टाकून बसून पापुद्रे कापतात तो; इंग्रज कारागीर त्याला गाढवच म्हणतात. ‘‘मी म्हटलं, बाई, तुलाही मान.’’

‘‘आणि फ्रेंच कपाट?’’

‘‘मग? त्याला वगळू? सहा महिने ज्याचं खातेस त्याला?’’

‘‘कुठे लावलंस?’’

‘‘कुलपापाशी. तिजोरीला कुठे लावतात? तिथली ती सोनेरी चकती काढून ठेवलेली होती. म्हटलं, बरं झालं, नंतर झाकलं जाईल. वर फुलांवर लावलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.’’

उल्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. एक बूट पायात, एक हातात.

तिने आईला सगळं सांगितलं. वैजयंतीबाई मध्ये मध्ये ‘हं’ करत ऐकत होत्या. पॅरिसच्या कारागिरांची हळद ऐकून त्यांचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे राजाच्या बायकोच्या कपाटाला आपली सांगलीची हळद!’’

‘‘सांगलीचा नाही गं—’’

‘‘सांगलीची.’’

‘‘आई! मुद्दा तो नाही. त्यांना जी हळद मिळाली ती अठराव्या शतकातली की तुझ्या डब्यातली, ते कळत नाही.’’

वैजयंतीबाई म्हणाल्या, ‘‘पण फुलं पिवळी आहेतच ना आधीपासून?’’

‘‘फिकट. तो रंग कशाचाही असेल. मी कापसावर पिवळं बघितलं आणि मला वाटलं, जुना रंग सुटतोय. मीच सांगितलं त्यांना, तिथून घ्या.’’ ती थांबली. ‘‘खालच्या खणाला पण लावलंस का? तिथे पण एक पिवळं फूल आहे.’’

‘‘दोन खण आहेत?’’

‘‘आई.’’

‘‘अगं, चित्र सगळं एकच आहे. मधे फट सुद्धा दिसत नाही. मला वाटलं, एकच मोठा खण.’’ वैजयंतीबाईंनी कपाळाला बोट लावलं. ‘‘वाकले होते खरी. गुडघ्यात कळ आली होती, ते आठवतंय. म्हणजे खाली पण लावलं असेल. की गाढवाच्या पायाला लावताना वाकले होते?’’

‘‘आठव ना.’’

‘‘आठवून आठवतंय होय? माणूस पूजा करताना मोजत बसतो का?’’ त्यांनी तिच्या हातातला बूट घेऊन खाली ठेवला. ‘‘सांगून टाक त्यांना. माझं नाव सांग. म्हण, आईने केलं.’’

‘‘सांगितलं तर ते म्हणतील, बाईला जे हवं होतं ते तिला दिसलं. परवा गुरुवारी दोन वाजता संग्रहालयाच्या कमिटीची बैठक आहे. कपाट नक्कल ठरेल, लिलावात जाईल, आणि मला पुन्हा कुणी विचारणार नाही की तुला काय दिसतंय.’’

‘‘आणि नाही सांगितलंस तर?’’

‘‘तर ते वर दालनात जाईल. खाली पाटीवर लिहितील, अमुक साली ओळखलं, उल्का पेठे यांनी.’’

वैजयंतीबाई आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. तिथूनच त्या म्हणाल्या, ‘‘जेवून जा.’’

उल्का जेवली नाही. त्या रात्री झोपलीही नसावी, कारण बुधवारी सकाळी हॅलम आला तेव्हा वर्कशॉपच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकलेल्या होत्या आणि आत काळोखात अतिनील किरणांचा जांभळा दिवा लागलेला होता. या दिव्याखाली जुनं लाखेचं पॉलिश नारिंगी दिसतं. हळद चमकते, हिरवट पिवळी.

चकत्या दोन्ही काढलेल्या होत्या. वरच्या भोकाभोवती, नमुना खरवडून नेला होता त्याच्या कडेने, पिवळं चमकत होतं. खालच्या भोकाभोवतीही चमकत होतं. बोटाचा आकार नव्हता की ठिपका नव्हता. स्पिरिटच्या बोळ्याने सगळं सारखं पसरवून ठेवलं होतं.

‘‘दोन्हीकडे आहे,’’ हॅलम म्हणाला. ‘‘छानच की.’’

मग तिने त्याला सांगितलं. हॅलमने टोपी काढली, पुन्हा घातली.

‘‘तुझ्या आईने दोन्हीकडे लावलं?’’

‘‘तिला आठवत नाही.’’

‘‘म्हणजे लावलंही नसेल.’’

‘‘वर लावलंय. ते नक्की.’’

‘‘पण खाली रंग जुना असेल, तर वरही जुना असणारच. तिच्या हळदीखाली.’’ तो स्टुलावर बसला. ‘‘निकाल खोटा आहे हे तुला माहीत आहे, का तुला वाटतंय?’’

‘‘वाटतंय.’’

‘‘मग ऐक. मी हे कपाट सहा महिने नक्कल म्हणत होतो. काल मी हरलो आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. आता तू मला परत जिंकवायला निघालीस. गप्प बसशील का जरा?’’

‘‘तुम्ही बसला असता?’’

हॅलमने शिवी हासडली. कुणाला ते स्पष्ट झालं नाही. मग म्हणाला, ‘‘त्या वेळी पापुद्रे कसे रंगवत?’’

‘‘कढत रंगात बुडवून ठेवत. कित्येक दिवस. रंग आरपार जाईपर्यंत.’’

‘‘आणि तुझ्या आईची हळद वरवर.’’

‘‘वरवरच होती. मी वर स्पिरिट फिरवलं. हळद स्पिरिटमध्ये विरघळते. किती खोल उतरली असेल देव जाणे.’’

‘‘आरपार नाही जायची.’’

‘‘पापुद्रा जाड आहे. आरपार नाही जायची,’’ उल्का म्हणाली. हे तिने रात्रभर स्वतःला सांगितलेलं होतं.

म्हणजे पाकळीचा उभा काप घ्यायचा. वरपासून तळापर्यंत. रंग तळापर्यंत सारखा असेल तर तो पॅरिसचा. वर दाट आणि खाली विरत गेलेला असेल तर मूरटाउनचा. पण काप घ्यायचा म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूला सुरी लावायची. तिने संग्रहालयात मिस ॲल्डरसनना फोन केला. फ्रेंच दालन त्यांचं होतं आणि कमिटीपुढे बोलणार होत्या त्याच. उल्काने काही न वगळता सांगितलं. हळदकुंकू म्हणजे काय, हे सांगताना तिला इंग्रजी शब्द सुचेनात. शेवटी ती म्हणाली, ‘‘आम्ही हत्यारांचे आभार मानतो, त्यांना रंग लावून.’’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘‘मिस पेठे,’’ ॲल्डरसन म्हणाल्या, ‘‘कालचा निकाल मी सगळ्या सभासदांना कळवून बसले आहे.’’

‘‘मला कल्पना आहे.’’

‘‘मग आता त्यांना काय सांगू? तुमच्या आईंचं?’’

‘‘कालचा निकाल धरू नका, एवढं सांगा. काप घ्यायची परवानगी द्या.’’

‘‘केवढा?’’

‘‘नखाच्या कडेएवढा. चकतीखाली झाकला जाईल.’’

‘‘एकच,’’ ॲल्डरसन म्हणाल्या. ‘‘आणि कमिटी पुढे ढकलली जाणार नाही, हे समजून घ्या. दोन वाजता तुमच्याकडून काही आलं नाही, तर ती जुन्या लेबलवरच जाईल.’’

काप घ्यायचा कुठून, यावर उल्का तासभर अडली. वरची पाकळी हळदीने बाटलेली, हे नक्की. खालची बाटलेली असेल किंवा नसेल. ती सुरी घेऊन वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. हॅलम एकदा येऊन बघून गेला, दुसऱ्यांदा नुसता खोकला. शेवटी तिने खालची निवडली. गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, पाकळीच्या टोकाशी सुरी उभी धरली. लाकूड कुरकुरलं नाही. जुन्या सरसावरून ते सहज सुटलं. काप हातात आला तेव्हा तिने तो भिंगाखाली धरला. तिला तो आरपार पिवळा दिसला. तिने डोळे मिटले, पुन्हा बघितलं. तेव्हा तळाशी फिकट वाटला.

‘‘काय दिसतंय?’’ हॅलमने विचारलं.

‘‘मला विचारू नका,’’ ती म्हणाली.

त्याच दुपारी ती काचेच्या नळीत काप घालून यॉर्कच्या गाडीत चढली. डब्यात बसायला जागा असूनही दारापाशी उभी राहिली. डॉ. प्रायर अपेक्षेपेक्षा तरुण निघाल्या. त्यांनी लाल कणांचं ऐकून आधी ‘ओह’ म्हटलं आणि मग त्यांना हसू आवरेना. ‘‘मी लाखेवर एक परिच्छेद लिहिलाय हो!’’ उल्कालाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. काप मेणात बसवायचा, घासायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली. उद्या दुपारपर्यंत होईल, असं त्या म्हणाल्या.

‘‘दोनच्या आत?’’

‘‘प्रयत्न करते.’’

गुरुवारी उल्काने कुठल्याच कामाला हात लावला नाही. तिने सरस तापत ठेवला आणि तो आटून गेला. कढईतली वाळू तापवली आणि पाकळी न करपवताच विझवली. साडेबाराला वैजयंतीबाईंचा फोन आला.

‘‘मला आठवलं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘गाढवाला मी वरूनच लावलं होतं. पाठीवर. म्हणजे वाकले होते ते कपाटालाच.’’

‘‘नक्की?’’

‘‘आत्ता असं वाटतंय. परवा तसं वाटत होतं.’’ मग हळूच, ‘‘तुला त्रास झाला ना गं माझ्यामुळे?’’

‘‘नाही गं आई. फोन ठेव, मला लाइन मोकळी हवी.’’

‘‘ठेवते. पण एक सांगू? ते फूल ना, खालचं, मी लावलं असेल तर हलक्या हातानेच लावलं असेल. वाकवत नव्हतं मला.’’

दोन वाजले. लंडनहून आलेले सभासद, मिस ॲल्डरसन आणि इतर, संग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावर बसले असणार. कपाटाचा विषय यादीत चौथा होता. हॅलमने टेबलाशी काम करण्याचं सोंग सोडून दिलं आणि फोनजवळ स्टूल ओढून घेतलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी यॉर्कहून फोन आला. उल्काने पहिल्याच घंटेला उचलला.

डॉ. प्रायर भराभर बोलत होत्या. पापुद्र्याच्या वरच्या अर्ध्यात हळद आहे आणि ती सगळीकडे सारखी आहे, विरत गेलेली नाही. त्याच्या खाली कापाला एक चीर आहे आणि चिरेत जुना सरस शिरला आहे. सरस स्वतःच पिवळा, त्यामुळे तळाचा भाग या कापावरून सांगता येत नाही. तो सांगायचा तर दुसरा काप लागेल.

‘‘परवानगी एकाच कापाची आहे,’’ उल्का म्हणाली.

‘‘मग मागा.’’

उल्काने संग्रहालयाचा नंबर फिरवला. तिथल्या मुलीने सांगितलं, बैठक चालू आहे, दार बंद आहे, निरोप लिहून आत देता येईल. उल्काने निरोप सांगितला : वरच्या अर्ध्यात रंग सारखा, खालचं माहीत नाही, दुसरा काप मागते आहे. मुलीने तो वाचून दाखवला आणि ती चिठ्ठी घेऊन वर गेली.

तीन वाजता उल्काने पुन्हा फोन केला, तेव्हा यादीतला चौथा विषय सुरू झाला होता, एवढंच त्या मुलीकडून कळलं. चिठ्ठी आत पोचली होती. ती कुणी वाचली की नाही, हे त्या मुलीला माहीत नव्हतं.